तुम्ही विचारलेत म्हणून: ट्यूनिंग पुसून ईसीयू का विकता?

"अहो, ट्यूनिंगला एवढे पैसे मोजलेत, मग पुसून का देता? आहे तसेच राहू द्या की." माझ्या १९९३ च्या माझदा आरएक्स-७ मधला अपेक्सी पॉवर एफसी हा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) विकायला काढल्यापासून इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, मराठी मित्रांपासून अनोळखी गिऱ्हाइकांपर्यंत जवळजवळ प्रत्येकाने मला हे विचारले आहे.

पॉवर एफसी हा गाडीच्या कंपनीचा ईसीयू काढून त्याच्याच जागी, त्याच वायरिंगला जोडायचा ईसीयू आहे. त्याला कमांडर नावाचे हातात मावणारे यंत्र जोडता येते आणि त्याच्या पडद्यावर बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब), नॉक (इंजिनातली ठोक), इंजेक्टरची ड्यूटी (इंधन फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो) असे आकडे गाडी चालू असताना दिसतात. माझ्या नगात काहीही बिघाड नाही. मला गाडी इथेनॉल मिसळलेल्या इंधनावर चालवायची आहे आणि इंधनातले इथेनॉलचे प्रमाण ओळखून स्वतः जुळवून घेणे या जुन्या ईसीयूला जमत नाही, एवढेच विकण्याचे कारण.

आता मॅपकडे, म्हणजे इंजिनाला किती इंधन द्यायचे आणि ठिणगी कधी पाडायची हे सांगणाऱ्या तक्त्यांकडे वळतो. हे तक्ते गाडीप्रमाणे भरणे म्हणजेच ट्यूनिंग. पॉवर एफसीमध्ये इंधनाचा तक्ता वीस बाय वीस, म्हणजे चारशे घरांचा असतो. इग्निशनच्या टायमिंगचाही तसाच. इंजिनाचे फेरे आणि हवेचा दाब यांनुसार कोणत्या क्षणी कोणते घर वापरायचे ते ठरते. ट्यूनरने ही घरे भरली ती माझ्या गाडीचे इंजेक्टर, पंप, टर्बो आणि एक्झॉस्ट समोर ठेवून. मूळ आरएक्स-७ मध्ये प्रत्येक रोटरला (या रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी दोन फिरणारे रोटर असतात) मिनिटाला ५५० सीसी इंधन देणारा एक प्रायमरी आणि ८५० सीसीचा एक सेकंडरी इंजेक्टर असतो. माझ्या गाडीत सेकंडरी १३०० सीसीचे आहेत. माझा मॅप मूळ इंजेक्टरांच्या गाडीत गेला, तर इंजेक्टर माझ्या हिशेबाने उघडतील, पण चारही इंजेक्टर चालू असताना मिळणारे इंधन अपेक्षेपेक्षा जवळजवळ पावपट कमी असेल.

दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा निदान डोळ्यांवर चढवताक्षणी चुकीचा असल्याचे कळते. इथे तेही होत नाही, कारण आयडलला (गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना) आणि हलक्या पायाने चालवताना फक्त प्रायमरी इंजेक्टर काम करतात, त्यामुळे गाडी अगदी शहाण्यासारखी चालते आणि घेणारा खूश होतो. सेकंडरी उघडतात ते ओझे वाढल्यावर, नेमके बूस्ट चढत असताना. त्या वेळी मिश्रण पातळ झाले (हवा जास्त, इंधन कमी) की डिटोनेशन, म्हणजे इंधनाचा अवेळी स्फोट, होते, आणि रोटरी इंजिनाला ते मुळीच सोसत नाही. दोन रोटरांच्या टोकांवर मिळून सहा अपेक्स सील (वायू अडवणाऱ्या पट्ट्या) असतात. त्यांतला एक जरी तुटला तरी इंजिन उतरवून पूर्ण खोलावे लागते. काही शे डॉलरच्या व्यवहारात एवढी जोखीम मी कोणाच्या गळ्यात का बांधावी?

म्हणून कमांडरमधून सगळी माहिती मूळ स्थितीला आणल्यावरच मी पेटी पॅक करतो. घेणाऱ्याला सांगतोही, की अपेक्सीचा मूळ मॅप फार फेरफार न केलेल्या गाडीसाठी आहे, तोही ट्यूनिंगचा पर्याय नव्हे. ईसीयू बसवल्यावर आयडल शिकवण्यासाठी अर्धा तास द्यावा लागतो: दहा मिनिटे काहीही न लावता, दहा मिनिटे दिवे वगैरे विजेचे ओझे देऊन आणि दहा मिनिटे एसी लावून. (हे न करता "आयडल वरखाली होतंय, नग खराब आहे" म्हणून रात्री फोन करणारे असतात.)

पैसे घेण्याआधी मी गाडीचे वर्ष मात्र विचारतो. पंचवीस वर्षांहून जुन्या गाड्या इथे आयात करता येतात, त्यामुळे आता १९९६ नंतरच्या जपानी आरएक्स-७ सुद्धा दिसू लागल्या आहेत, आणि त्यांच्या ईसीयूचे कनेक्टर वेगळे असल्याने माझा नग त्यांना चालत नाही. मागच्या लेबलवरचा पार्ट नंबर आणि कनेक्टरच्या सरळ पिना स्पष्ट दिसतील असे फोटो मी त्यासाठीच आधी पाठवतो.

राहिले ट्यूनिंगचे पैसे. ते मी किमतीत धरलेले नाहीत, कारण ते माझ्या इंजिनासाठी खर्च झाले आणि वसूलही झाले. जुन्या मॅपची फाइल डेटालॉगिटने (पॉवर एफसी संगणकाला जोडायच्या साधनाने) उतरवून ठेवली आहे. घेणाऱ्याच्या ट्यूनरला संदर्भासाठी हवी असेल, तर मी ती थेट त्यालाच पाठवतो.