ताऱ्यांमागे फिरणारी फळी आणि विकलांचा हिशोब

बार्न डोअर ट्रॅकर म्हणजे ताऱ्यांचे फोटो काढताना पृथ्वी फिरल्याने रेघा उमटू नयेत म्हणून कॅमेरा ताऱ्यांमागे फिरवणारं साधन: दोन फळ्या, एक बिजागरी, एक आट्यांचा रॉड आणि तो फिरवणारी मोटर. सुतारकाम एका दुपारचं; वेळ गेला तो आकडेमोडीत. पृथ्वीचा स्वतःभोवती फिरण्याचा वेग रेडियनमध्ये सेकंदाला ०.००००७२९२१, अंशांत ०.००४१७८, आरपीएममध्ये (मिनिटाला फेरे) ०.०००६९६३५. पंखा ३०० आरपीएमने फिरतो की ३००० ने, हे डोळ्याला कळतं. इथे एक शून्य गाळलं तरी उत्तर तितकंच खरं वाटतं.

म्हणून मी सगळा हिशोब विकलांत केला. एका अंशात ३६०० विकला, एका तासात ३६०० सेकंद. त्यामुळे ‘तासाला किती अंश’ आणि ‘सेकंदाला किती विकला’ याचा आकडा एकच येतो. तासाला १५.०४१ अंश, सेकंदाला १५.०४१ विकला. रेडियन हवे असतील तर विकलांना २,०६,२६५ ने भागायचं. विकलेला ‘सेकंद’ म्हणायची सवय मात्र मोडावी. विषुवांशाचा (आकाशातल्या रेखांशाचा, जो तास-मिनिट-सेकंदांत मोजतात) एक सेकंद म्हणजे १५ विकला, आणि तिथे हमखास पंधरापट चूक होते.

नुसते १५ का नाहीत, याचं उत्तर पंचांगात सापडतं. रवीची मध्यम गती दिवसाला ५९ कला ८ विकला (६० विकलांची एक कला). सूर्य पुन्हा माथ्यावर यायला पृथ्वीला पूर्ण फेऱ्यावर तेवढं आणखी फिरावं लागतं. म्हणजे २४ तासांत ३६०.९८५६ अंश, २४ ने भागा, १५.०४१. ताऱ्यांच्या हिशोबाने एक फेरा ८६,१६४ सेकंदांचा, ८६,४०० चा नव्हे.

आता रॉड. एम६ (६ मिमी जाडीच्या) रॉडच्या आट्यांचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात नट सरकतो ते अंतर, १ मिमी. मिनिटाला एक फेरा दिला तर नट सेकंदाला ०.०१६६६७ मिमी सरकतो. त्याला ०.००००७२९२१ ने भागलं की बिजागरीपासून रॉडचं अंतर मिळतं: २२८.६ मिमी. (एम८ चा पिच १.२५, म्हणून २८५.७ मिमी.) हे अंतर बिजागरीच्या पिनच्या मध्यापासून रॉडच्या मध्यापर्यंत मोजायचं, फळीच्या कडेपासून नाही. १ मिमी चुकलं की वेग ०.४४ टक्क्यांनी चुकतो.

मोटर २८बीवायजे-४८, पावलापावलाने फिरणारी स्टेपर मोटर. स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी, पण हिचे गिअर फसवतात. गुणोत्तर ६४:१ सांगतात आणि त्यावरून एका फेऱ्याला ४०९६ अर्धी पावलं धरली जातात. प्रत्यक्षात ते ६३.६८४:१ आहे, म्हणजे एका फेऱ्याला अशी ४०७५.८ पावलं. दोन पावलांमधला वेळ १४,६४८ नाही, १४,७२१ मायक्रोसेकंद हवा. मोटर चालवणाऱ्या आर्डुइनो बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये थांबायला सांगणारी डिले() ही आज्ञा पूर्ण मिलिसेकंदच घेते. १४ दिलं तर वेग पाच टक्के जास्त. मायक्रोसेकंदांत वेळ सांगणारी मायक्रोस() वापरून मागच्या पावलाच्या ठरलेल्या वेळेत १४,७२१ मिळवत जायचं, म्हणजे चूक साठत नाही.

हे तपासायला शाफ्टवर नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि मोटर तासभर चालू ठेवली. ६० फेऱ्यांनंतर ठिपका जिथून निघाला तिथेच आला पाहिजे. ४०९६ धरले असतील तर तो साधारण १०७ अंश पुढे गेलेला दिसतो. अर्धा टक्का चूक इतकी उघडी पाडणारी दुसरी सोपी युक्ती मला माहीत नाही.

मग पूर्ण जोडणी. वरच्या फळीवर लेझर पॉइंटर बांधून तीन मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडला. सुरुवातीला फळ्या मिटलेल्या आणि किरण भिंतीला काटकोनात. दहा मिनिटांत ठिपका १३१ मिमी चढायला हवा. पहिल्या अर्ध्या मिनिटाची हालचाल धरू नये. नटातला ढिलेपणा तेवढ्यात निघतो.

रॉड सरळ आणि खालच्या फळीला काटकोनात पक्का असेल तर कोन वाढेल तशी फळी मागे पडते. दहा मिनिटांत जेमतेम ६ विकला, पण वीस मिनिटांत ४६. चूक वेळेच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून मी दर दहा मिनिटांनी रॉड उलटा फिरवून फळ्या मिटतो. वाकवलेला रॉड लावला तर ही भानगडच नाही, पण आटे न बिघडवता तो नेमक्या त्रिज्येत वाकवणं माझ्या मते नसता उद्योग आहे.

बिजागरीचा अक्ष ध्रुवाकडे हवा. पुण्यात तो क्षितिजापासून १८.५ अंशांवर.

एवढी काटेकोरी लागते का, हे लेन्सवर ठरतं. ४.३ मायक्रॉनचा पिक्सेल असलेल्या कॅमेऱ्यात ५० मिमी लेन्सला एक पिक्सेल म्हणजे सुमारे १८ विकला. १५.०४१ ऐवजी १५ धरले तर पाच मिनिटांत १२ विकलांचा फरक पडतो. फोटोत दिसणारही नाही. २०० मिमी लेन्सला पिक्सेल ४.४ विकलांचा, तिथे तीच चूक जवळजवळ तीन पिक्सेलची रेघ ओढते. गिअरची अर्ध्या टक्क्याची चूक तर एका मिनिटातच पिक्सेल ओलांडते.

चंद्रामागे फळी फिरवायची असेल तर वेग सरासरी १४.५ विकला, म्हणजे दोन पावलांमध्ये १४,७२१ च्या जागी १५,२७० मायक्रोसेकंद. अर्थात पौर्णिमेच्या चंद्राला शटर १/१२५ पुरतं. मोटर बंदच ठेवावी.