५० जीबीच्या डिस्कवर ५१७ जीबीची फाईल

जुना सर्व्हर नव्या मशीनवर हलवायचं काम चाललं होतं, आरसिंक या फाईली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने. जुन्याची डिस्क ५० जीबीची, त्यात भरलेली जेमतेम ३०. नवी चांगली १०० जीबीची. तरी रात्री टीममधल्या पोराचा फोन: "सर, आरसिंक जागा नाही म्हणून मरतंय. आणि डीएफ कमांड मारून बघतो तर डिस्क अर्ध्याहून जास्त रिकामी!"

रिकामी दिसणारच. आरसिंक आधी तात्पुरत्या नावाने फाईल लिहितं आणि फसलं की ती पुसून टाकतं. मी म्हटलं, "एररची ओळ नीट वाच. कुठल्या फाईलवर मेलं?"

व्हार-लॉग फोल्डरमधली लास्टलॉग, म्हणजे कोण शेवटचं कधी लॉगइन झालं ते ठेवणारी फाईल. फाईलींची यादी देणाऱ्या एलएस कमांडने तिची साइझ दाखवली ५१७ जीबी, डिस्कवर व्यापलेली जागा मोजणाऱ्या डीयूने २४ केबी. पोरगं म्हणालं, "सर, फाइलसिस्टिम करप्ट झालीय."

काही करप्ट नव्हतं. लास्टलॉगमध्ये प्रत्येक युजरसाठी २९२ बाइटची नोंद असते आणि तिची जागा ठरते युआयडीवरून, म्हणजे त्या युजरच्या नंबरवरून. हा सर्व्हर कंपनीच्या डोमेनला, म्हणजे सगळ्यांची खाती एकत्र ठेवणाऱ्या यंत्रणेला जोडलेला, तिथले युआयडी १९० कोटींच्या घरातले. तसा एकजण लॉगइन झाला, की १९० कोटी गुणिले २९२ इतकं पुढे सरकून तिथे नोंद पडते. मधला भाग कुणी लिहिलेलाच नसतो, म्हणून त्याला ब्लॉकही, म्हणजे डिस्कवरच्या जागेचे तुकडेही, मिळत नाहीत; ती नुसती पोकळी. एलएस सांगतं फाईलचं शेवटचं टोक कुठे आहे. डीयू सांगतं खरे ब्लॉक किती. स्टॅट कमांडमध्ये दोन्ही शेजारी दिसतात: ब्लॉक्स ४८, प्रत्येकी ५१२ बाइटचे. करा हिशोब.

पण ही पोकळी वाचायला गेलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मुकाट शून्यं हातात ठेवतो, आणि साधं आरसिंक ती इमानेइतबारे पलीकडे लिहीत बसतं.

"मग उडवूनच टाकू ना, सर?"

"आणि ऑडिटवाल्यांनी शेवटचं लॉगइन विचारलं की तू उत्तर देणार?"

आरसिंकच्या कमांडला कॅपिटल एस हा पर्याय लावला की पलीकडे पोकळी टिकते, पण जुन्या मशीनवर ५१७ जीबी शून्यं वाचावीच लागतात. त्यात रात्र गेली असती. म्हणून लास्टलॉग आरसिंकमधून वगळली आणि फाईलींचं गाठोडं बांधणाऱ्या टारने, त्यालाही कॅपिटल एस लावून, वेगळी नेली. नवं टार पोकळी कुठून कुठपर्यंत आहे हे कर्नललाच विचारतं आणि तेवढं ओलांडून जातं. फाईल लगेच पोचली. नव्या मशीनवर डीयू मारलं: २४ केबी. मग रोजच्या बॅकअपची स्क्रिप्ट उघडली, तर तिथल्या टारलाही कॅपिटल एस नव्हतं. तेही त्याच रात्री घातलं.