कुठल्या थप्पीतला रवा?

परवा बऱ्याच दिवसांनी रंकाळ्यावर गेलो. वीसच मिनिटं चाललो, वर भेळ खाल्ली, मजेत घरी आलो. तिसऱ्या दिवशी भांग पाडायला हात वर धरवेना.

चार वर्षं हेच चाललंय. क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे न हटणाऱ्या थकव्याचा आजार. रिपोर्ट सगळे नॉर्मल. "रोज चाला, वाढवत न्या," एका डॉक्टरांनी सांगितलं होतं. चालणं वाढवलं आणि अंथरूण धरलं. पै-पाव्हणे म्हणतात, "दमतो की आम्ही बी!"

गंमत म्हणजे हे 'आम्ही बी' संशोधनातही शिरलंय. हा आजार ओळखायच्या १९९१ च्या ऑक्सफर्ड निकषांत सहा महिन्यांचा, कामधाम अडवणारा थकवा असला की पुरे. डिप्रेशननं दमलेलाही त्यात बसतो. १९९४ ची अमेरिकन फुकुदा व्याख्या थकव्याबरोबर आठांपैकी कुठलीही चार लक्षणं मागते. श्रमानंतर दिवसभराहून जास्त कोसळणं त्या आठांत आहे, पण ते नसलं तरी चालतं. म्हणजे माझं मुख्य दुखणं ऐच्छिक विषय! कॅनडाच्या २००३ च्या निकषांनी ते सक्तीचं केलं, २०१५ ला अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननंही.

हा नुसता शब्दांचा कीस नव्हे. २०११ ची ब्रिटनमधली पेस ही उपचारांची चाचणी, हळूहळू व्यायाम वाढवल्यानं फायदा होतो म्हणणारी, तिनं रुग्ण ऑक्सफर्ड निकषांवर निवडले होते. तो सल्ला ब्रिटनच्या नाइसनं, म्हणजे उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या संस्थेनं, मागं घेतला २०२१ मध्ये. तोवर किती जण माझ्यासारखे चालत राहिले असतील?

आण्णांची गुळाची अडत. त्यांना हे सगळं सांगितलं. सौद्याला रंग, कणी, कडकपणा बघूनच रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, दर ठरतो. एक नंबर आणि तीन नंबर एका थप्पीत लावला तर सौदा कसला करायचा, हे त्यांना लगेच उमगलं. पण अडत्याच तो, खोट काढल्याशिवाय राहतोय होय?

"रव्याचं कळतंय बघून. तुझं कशानं कळायचं?"

इथं मी अडलो. खात्रीची रक्तचाचणी अजून नाही. रुग्ण सांगेल त्यावरच सगळं, आणि जो अंथरुणातून उठतच नाही तो अभ्यासाला पोचतच नाही.

"म्हंजे तुझा रवा कुठल्या थप्पीतला, ते अजून ठरलं न्हाई म्हण की."

हसलो. हसूनही दमलो, खरं सांगतो. आण्णांनी पंखा एकवर केला आणि दार ओढून घेतलं.