कोकणात स्क्रू पंप घेतं कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. स्क्रू पंपाची, म्हणजे घट्ट गाळ-पल्प ढकलणाऱ्या पंपाची, डीलरशिप घ्यायच्या विचारात असलेली मंडळी चिपळूणला भेटायला आली की हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याला जोडूनच दुसरा: "एखादा मार्केट रिपोर्ट विकत घेतला तर भागणार नाही का?" पंप कंपन्यांसाठी बाजाराची पाहणी करणं हाच माझा धंदा, तेव्हा रिपोर्ट वाचू नका असं मी कशी म्हणेन? पण त्यातला आकडा लोटे-महाडच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत पोचत नाही.

आयातीचंच बघा. कस्टम्सच्या ८४१३६० या सहा आकडी कोडाखाली गिअर पंप, लोब पंप, स्क्रू पंप सगळे एकाच पोत्यात भरलेले असतात. त्यात पार उत्तरेतल्या कारखान्याचा पंपही उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरात उतरू शकतो. उरणला उतरला म्हणून तो काही कोकणात विकला गेला नाही.

मी सुरुवात करते ती प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रांपासून. कारखान्याचं सांडपाणी रोजचं किती, त्यावर प्रक्रिया कोणती, हे त्यात लिहिलेलं असतं. स्लज, म्हणजे घट्ट गाळ, निघतो तिथे बहुतेक वेळा तो दाबून पाणी काढणारा फिल्टर प्रेस असतो, आणि प्रेसमध्ये गाळ ढकलायला फीड पंप लागतोच. तो बहुधा एकतर हवेवर चालणारा डायफ्राम पंप असतो, नाहीतर स्क्रू. इथवर घरी बसून जमतं. पुढे गाडी काढावी लागते.

परचेसवाल्या साहेबांना भेटा, चहा घ्या, पण ते सांगतील ते शेवटच्या कोटेशनबद्दल. खरी माहिती मेंटेनन्सच्या फिटरकडे आणि शेडमागच्या भंगारात. स्क्रू पंपात पिळाचा धातूचा रोटर रबराच्या स्टेटरमध्ये, म्हणजे न फिरणाऱ्या नळीत, घट्ट बसून फिरतो. झिजतं ते आधी रबर. म्हणून टाकून दिलेला स्टेटर मी उचलून आत टॉर्च मारते. आतून रबर जळून कडक झालंय, तुकडे निघालेत, तर पंप कोरडा चाललाय. तिथे पंपाबरोबर ड्राय रन प्रोटेक्शन, म्हणजे पंप कोरडा पडला की तो बंद करणारी सोय, विकता येतं. रबर सगळीकडे सारखं घासलंय तर चुन्याचा किंवा रेतीचा स्लज. हे गिऱ्हाईक स्टेटरसाठी पुन्हापुन्हा येणार. आणि रबर फुगून मऊ पडलंय, तर टोल्युइनसारखं सॉल्व्हंट नायट्राइल रबराच्या स्टेटरमधून नेलंय. तिथे व्हायटॉन हे दुसरं रबर सुचवायचं, पण आधी विचारून घ्यायचं, कारण अ‍ॅसिटोन असेल तर व्हायटॉनही टिकत नाही. बाजार मोजायला याहून चांगलं साधन मला अजून सापडलेलं नाही. फिटरही खुलतात. "मॅडम, ह्यो बघा, सा म्हयन्यात खाल्लान," म्हणत स्वतःच स्टेटर आणून देतात.

आता आंबा. हापूसचं नाव घेतलं की नव्या डीलरच्या डोळ्यांसमोर रत्नागिरी-देवगडच्या सगळ्या कॅनिंग फॅक्टऱ्या उभ्या राहतात. पल्प घट्ट, तो ओढायला स्क्रू पंप योग्यच. पण हंगाम एप्रिल ते जून, एवढाच. उरलेलं वर्ष पंप उभा. उभ्या पंपात रोटर रबराला एकाच जागी दाबून धरतो, रबरात तसाच खळगा पडतो, आणि नव्या हंगामात बटण दाबलं की मोटर नुसती कण्हते. जाणता फिटर जूनमध्येच रोटर बाहेर काढून, पुसून ठेवतो. असा फिटर असेल तिथे तुम्हाला धंदा कमी, हेही लिहून ठेवा! उलट सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला स्लज पंप पावसाळ्यातही चालतो. स्पेअरच्या हिशेबात असं एक केंद्र कितीतरी कॅनिंगवाल्यांना भारी पडतं. पंपांची नुसती संख्या मोजणाऱ्याला हे दिसत नाही. तास मोजावे लागतात, आणि आतून काय वाहतं तेही.

कोकम आगळवाल्यांचं मात्र विसरा. आंबट रस, त्यात भरपूर मीठ, ३०४ स्टेनलेस स्टीलला खड्डे पाडणारं मिश्रण. पण बरेचसे घरगुती कारखाने, बादली आणि तांब्यावर काम भागतं. तिथे पंप विकायला जाणाऱ्याला फार तर सरबत मिळेल, आणि ते उत्तम मिळेल.

तेव्हा डीलरशिप घेणार असाल तर कंपनीशी बोलताना नव्या पंपावरच्या कमिशनवर फार ताणू नका. स्टेटर उधारीवर ठेवायला देतात का, ते विचारा. लोटे-महाडला कोणती मॉडेल्स चालू आहेत त्यांच्या नेमप्लेटचे फोटो काढून आणा, त्या मापांचे स्टेटर चिपळुणात ठेवा. आंबावाल्यांकडे फेब्रुवारीत जा. एप्रिलमध्ये गेलात तर तुमच्याशी बोलायला तिथे कुणाला सवड नसते.