तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही ‘जिंगल बेल्स’ का गात नाही

डिसेंबर उजाडला की फोन सुरू होतात. कधी सोसायटी, कधी शाळा, कधी एखादी कंपनी. “तुमच्या चर्चची गाणारी मंडळी पाठवाल का?” पाठवतो की. पेटी-तबला आमचाच आणतो, पैसे घेत नाही. आणि मग तो प्रश्न येतोच: “ख्रिश्चन असून जिंगल बेल्स कसं म्हणत नाही तुम्ही?” त्यातलं ‘ख्रिश्चन असून’ मला लागतं. आजवर हसून वेळ मारून नेली, आता एकदाच नीट सांगतो.

ते गाणं नाताळचं नाही. जेम्स लॉर्ड पिअरपाँट या अमेरिकन माणसाचं ते गाणं बोस्टनच्या प्रकाशकानं 1857 साली ‘वन हॉर्स ओपन स्ले’ या नावानं छापलं. आजचं नाव त्याला दोन वर्षांनी मिळालं. धृपदाच्या पुढे कुणी जात नाही, म्हणून गोष्ट सांगतो. एक तरुण मिस फॅनी ब्राइटला शेजारी बसवून बर्फावरून घोडागाडी पळवतो आणि गाडी बर्फाच्या ढिगात कलंडते. पुढे तो स्वतः घसरून पडतो, तर दुसरा गाडीवाला त्याला हसून निघून जातो. शेवटी सल्ला दिलाय की वय आहे तोवर मुलींना फिरवा आणि घोडा पळणारा घ्या. मरिया नाही, गोठा नाही, मेंढपाळ नाहीत. ‘ख्रिसमस’ हा शब्दसुद्धा सबंध गाण्यात नाही. ते आधी बोस्टनच्या एका थिएटरात, तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या गायकांच्या खेळात गायलं गेलं, हेही आता अभ्यासकांनी दाखवलंय.

हे मी पूर्वी फार ठासून सांगायचो. त्या सोसायटीतही सांगितलं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. क्लब हाऊसमध्ये झाड सजवलेलं, कोपऱ्यात भाड्यानं आणलेले स्पीकर, समोर दीडशेक माणसं. आम्ही सतरंजीवर बसलो. आधी टिळकांचं एक पद घेतलं, नारायण वामन टिळकांचं. मग भजनी चालीतलं जन्माचं गाणं, मग ‘सायलेंट नाइट’चं मराठी रूप. पेटीवर आमच्या मंडळीतल्या मावशी होत्या. संधिवातानं बोटं आखडलेली, तरी महिनाभर तालमीला आलेल्या. तबल्यावर नववीतला पोरगा. टाळ्या पडल्या, पण जरा उरकल्यासारख्या. मग कार्यक्रम ठरवणाऱ्या ताई माइक घेऊन जवळ आल्या, “काका, खूप छान. आता एक ख्रिसमसचं होऊन जाऊ दे ना!”

आम्ही आत्ताच तीन म्हटली होती.

मावशींचा हात भात्यावरच राहिला. मी म्हटलं, “ताई, ही नाताळचीच होती.” त्या म्हणाल्या, “नाही हो, म्हणजे जिंगल बेल्स!” मग मी ते घोडागाडीचं सगळं सांगायला लागलो आणि मागून कुणीतरी स्पीकर लावला. मुलं धावत पुढे आली, नाचायला लागली. आमच्यातली दोन लहान मुलंही उठून गेली. आणि आमच्या तबलजीनं हळूच त्या गाण्याखाली केरवा ताल धरला. चपखल बसला होता, हे कबूल करतो. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

परतताना रिक्षात तो एकच वाक्य बोलला, “काका, अंतराळात वाजवलेलं पहिलं गाणं तेच आहे.” मला वाटलं थापा मारतोय. घरी येऊन शोधलं, तर खरं होतं. 16 डिसेंबर 1965 रोजी जेमिनी 6 या यानातून वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड यांनी थट्टेनं खाली कळवलं की उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी कसलीशी वस्तू दिसतेय. पाठोपाठ लपवून नेलेली माउथ ऑर्गन आणि घुंगरं काढून हेच वाजवलं.

त्या रात्री माझाच मुद्दा मला पुरेना. गाण्यात जन्म नाही म्हणून ते बाद, तर मग ‘जॉय टू द वर्ल्ड’ या नाताळगीताचं काय? आयझॅक वॉट्सनं ते 1719 मध्ये बायबलातल्या 98 व्या स्तोत्रावरून रचलं. त्यात गोठा नाही, बाळ नाही. ते आम्ही दरवर्षी म्हणतो. ‘हार्क द हेरल्ड’ची चाल तर मेंडेल्सोननं 1840 मध्ये छपाईच्या शोधाच्या उत्सवासाठी केली होती, आणि धार्मिक शब्दांना ती शोभणार नाही असं त्यानंच लिहून ठेवलंय. तीही आम्ही म्हणतो. जोरात म्हणतो.

पण ‘सायलेंट नाइट’ माझ्यासाठी वेगळंच आहे. 24 डिसेंबर 1818, ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळचं ओबर्नडॉर्फ. मदतनीस पाद्री योसेफ मोर आपली दोन वर्षांपूर्वीची कविता शिक्षक फ्रान्झ ग्रुबरला देतो, आणि त्याच रात्री दोघं गिटारवर ती गातात. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घेतली वगैरे गोष्ट नंतर कुणी जोडली. पुढे गाणं एवढं पसरलं की 1854 मध्ये बर्लिनच्या राजदरबारातून विचारणा झाली, हे संगीतकार मिखाएल हायडनचं का? म्हाताऱ्या ग्रुबरला लिहून कळवावं लागलं की चाल माझी आहे. ते पत्र लिहिताना त्याला काय वाटलं असेल, ते मला त्या क्लब हाऊसनंतर कळतं.

आपल्याकडे येशूजन्माची कथा मराठी ओव्यांत 1616 साली गोव्यात राचोलला छापली गेली, फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणात. पिअरपाँटच्या कितीतरी आधी. तरी आम्ही मराठीत गायलो की लोकांना ते नाताळचं वाटत नाही. दुखतं ते इथे. घोडागाडीवर माझा राग नाही.

त्या पोराला थांबवलं ते बरोबरच होतं असं मला वाटतं. मावशींना तसं वाटत नाही, आणि त्या मला हे दर डिसेंबरला सांगतात. पोरगा आता कॉलेजात आहे, अजून आमच्याकडेच वाजवतो.

तर यंदा बोलवा. आमची चार गाणी आधी नीट ऐका, फोन खाली ठेवून. त्यानंतर तुमच्या मुलांना जिंगल बेल्स म्हणायचं असेल तर खुशाल म्हणू द्या, आणि आमच्या पोरानं केरवा धरला तर धरू दे. मी गाणार नाही.