टाकी धुण्याचा दिवस

२२ एप्रिल, रात्री साडेदहा

आज मी स्वतःच्या घराच्या बाथरूममध्ये क्लोरीन तयार केला. बावीस वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवणाऱ्या बाईने! लिहितानाही हसू येतंय, पण हसलं की खोकला येतो, म्हणून तेही बंद.

झालं असं, की सोसायटीची टाकी धुवायला ह्यांनी ब्लीचिंग पावडर आणली होती. टाकी झाली, तरी बादलीत कालवलेली पावडर बरीच उरली. ओतून कशाला द्यायची, म्हणून मी ती बाथरूमच्या फरशीवर टाकली. फरशीवर पांढरे डाग जावेत म्हणून मीच अर्ध्या तासापूर्वी ऍसिड टाकून ठेवलं होतं, हे डोक्यातून साफ गेलेलं. उकिडवी बसले, ब्रश हातात घेतला, आणि पहिला श्वास आत गेला तो तिथेच अडकला.

वास नंतर आला. आधी डोळे चुरचुरले, मग घशाला कुणी आतून चिमटा घ्यावा तसं झालं. श्वास घ्यायला जावं तर छाती ऐकेना. दार चार पावलांवर, पण ती चार पावलं फार लांब होती. दारात चिरंजीव उभे. "कसला वास गं? स्विमिंग पूलसारखा येतोय." त्याला नुसता वास, आणि मी भिंतीला धरून खोकतेय. अंतर म्हणाल तर हातभर. फरक इतकाच की तो उभा होता आणि मी जमिनीलगत बसले होते. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. दरवर्षी फळ्यावर लिहिते. आज पहिल्यांदा कळलं म्हणायचं.

मी जरा सावरल्यावर त्याने विचारलंच. "आई, तूच ना केमिस्ट्री शिकवतेस?"

डॉक्टरांनी नेब्युलायझर लावला. म्हणाले, दोन-तीन दिवस खोकला राहील, झोपताना उशी उंच घ्या.

२३ एप्रिल

सकाळी कॅलेंडरवर दूधवाल्याचा खाडा मांडताना कालच्या तारखेवर बोट थांबलं. २२ एप्रिल! पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ह्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मनांनी खंदकांत गाडून ठेवलेली नळकांडी उघडली होती. पावणेसहा हजारांच्या घरात नळकांडी, दीडशे टनांहून जास्त क्लोरीन. योगायोग म्हणावा तरी लाज वाटते. त्यांचे दीडशे टन आणि माझी एक बादली.

तरी दिवसभर डोक्यात तेच. घसा शेकत बसले होते, दुसरं काम काय होतं?

वर्गात सांगताना मी हे दोन वाक्यांत उरकते. आज वाटलं की त्यातली मुख्य गोष्टच राहून जाते. तोफगोळा आला की माणूस खाली जातो. खंदक खणला तोच त्यासाठी. आठ-नऊ महिने त्या शिपायांच्या अंगात हेच मुरलेलं, की वाचायचं तर जमिनीच्या पोटात शिरायचं. आणि हा वायू नेमका तिथेच उतरतो. पाणी जसं खोलगट भागात साठतं तसा खंदकाच्या तळाशी साठतो. म्हणून तळाशी बसलेल्यांना आणि स्ट्रेचरवर आडव्या ठेवलेल्या जखमींना त्याचा सगळ्यात जास्त त्रास झाला. गोळीला न भिता काठावर उभे राहिले त्यांना त्या मानाने कमी. पळाले त्यांचेही हालच, कारण वारा ज्या दिशेने वाहत होता त्याच दिशेने तेही धावत होते. ढग त्यांच्या सोबतीला.

समोरच्या रांगेत फ्रेंचांचे अल्जीरियातून आणलेले शिपाई होते, आणि राखीव दलातले वयस्क फ्रेंच लोक. पिवळट हिरवं धुकं जमिनीवरून सरपटत येताना त्यांना पहिल्यांदा वाटलं, हा धुराचा पडदा असेल, त्याच्या आडून जर्मन चाल करून येतील. थोड्याच वेळात सहा-सात किलोमीटरची आघाडी रिकामी. जर्मनांनाही एवढ्याची अपेक्षा नव्हती. पुढे घुसायला पुरेसं राखीव सैन्य त्यांनी ठेवलंच नव्हतं, आणि आपणच सोडलेल्या ढगात शिरायला त्यांचेही शिपाई कचरत होते.

फुप्फुसात काय होतं ते तर माझ्याच विषयातलं. आतल्या ओलाव्याशी क्लोरीनची गाठ पडते आणि आम्लं तयार होतात. नाजूक पडदा भाजतो. मग शरीर तिथे पाणी सोडू लागतं, इतकं की फुप्फुसं भरतात. कोरड्या जमिनीवर माणूस बुडतो. तोंडाला फेस, ओठ निळे. आडवं पडलं की अजून गुदमरायला होतं, म्हणून ते उठून बसायला धडपडायचे.

माझ्या आत काल ह्याचा शंभरावा भागही गेला नसेल.

२४ एप्रिल

आवाज पूर्ण बसला. घरात सगळे खूश दिसतात.

१९१५ च्या २४ तारखेला दुसरा ढग सोडला, ह्या वेळी कॅनडाच्या तुकड्यांवर. तोवर हा क्लोरीन आहे हे सैन्यातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. मास्क कुठून असणार? रुमाल ओला करा आणि नाकातोंडावर बांधा, एवढाच हुकूम. पाणी नसेल तर लघवीने ओला करा. पोरांना वर्गात सांगितलं की मागच्या बाकावर खसखस पिकते. मीही आजवर हसून सोडून द्यायचे. परवा मात्र बाथरूममधून बाहेर येताना हाताशी आलेलं पायपुसणं मी तोंडावर धरलं होतं. पायपुसणं! कशाचं आहे, काय आहे, बघायला डोकं शिल्लक नसतं.

नंतर कापसाच्या पट्ट्या आल्या, धुण्याचा सोडा आणि हायपोत बुडवलेल्या. हायपो म्हणजे आमच्या लॅबमधलं सोडियम थायोसल्फेट. दरवर्षी पोरं ब्यूरेटमधून थेंब थेंब सोडत असतात, स्टार्चचा निळा रंग कधी जातो ह्याची वाट बघत. सतराशे वेळा मी ओरडले असेन, "अरे, सावकाश!" त्याच द्रावणात भिजवलेली फ्लॅनेलची पिशवी १९१५ च्या उन्हाळ्यात शिपायांनी डोक्यावरून ओढली. खालची कड अंगरख्याच्या गळ्यात खोचायची, पुढे बघायला एक खिडकी. ऊन, घाम, आतल्या आत आपलाच श्वास, खिडकीवर वाफ. अशा अवस्थेत बंदूक चालवायची. नाकातोंडाला नीट बसणारा, नळीने गाळणीच्या डब्याला जोडलेला मास्क यायला १९१६ उजाडलं.

तोवर मारणारेही थांबले नव्हते. १९१५ च्या डिसेंबरात फॉस्जीन आलं. त्याला कुजक्या गवताचा वास. अंगावर आलं तरी सुरुवातीला माणूस चालता-बोलता राहतो आणि दुसऱ्या दिवशी कोसळतो. १९१७ च्या जुलैत पुन्हा ईप्रलाच मस्टर्ड गॅस. तो खरं तर वायूच नव्हे, तेलकट द्रव आहे. लसणासारखा वास, लागला तेव्हा काही कळत नाही, काही तासांनी डोळे मिटतात आणि अंगावर भाजल्यासारखे फोड उठतात. मास्क लावून उपयोग काय, तो कपड्यातून आत जातो. मातीत मुरून दिवसचे दिवस राहतो.

आणि इंग्रज? त्यांनी आधी आरडाओरडा केला, मग सप्टेंबर १९१५ मध्ये फ्रान्समधल्या लूसला स्वतःच क्लोरीन सोडला. बोलण्यात गॅस म्हणायचं नाही, नळकांड्यांना 'ऍक्सेसरी' म्हणायचं असा दंडक. काही ठिकाणी वारा पडला, काही ठिकाणी उलटा फिरला. त्याच दिवशी थोड्या उत्तरेला आपल्या हिंदी शिपायांची मीरत डिव्हिजनही हल्ल्यात होती. तिच्याही वाट्याला स्वतःच्याच बाजूचा गॅस आला.

२५ एप्रिल, दुपार

खोकला कमी, पण झोप नाही.

हेबर, म्हणजे अमोनिया बनवायची पद्धत शोधणारा जर्मन रसायनशास्त्रज्ञ, मात्र मला दरवर्षी शिकवावाच लागतो. नायट्रोजन अधिक हायड्रोजन, लोखंडाचा उत्प्रेरक, दोनशे वातावरणं दाब. माझ्या माहेरी शेतात युरियाची गोणी पडते तिची मूळ वाट त्या माणसाच्या प्रयोगशाळेतून निघते. ईप्रचा ढगही त्याच्याच देखरेखीखाली सोडला होता, तो स्वतः आघाडीवर हजर होता. दहा दिवसांत त्याच्या बायकोने, क्लाराने, त्याच्याच पिस्तुलाने आत्महत्या केली. तीही रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली बाई. आणि त्याला १९१८ चं नोबेल मिळालं, अमोनियासाठी. हे सगळं सांगून झालं की हमखास एक हात वर होतो. "मॅडम, परीक्षेला येतं का हे?" नाही रे बाबा.

पुस्तकात कुठेच नसलेली आणखी एक गोष्ट आहे. १९३० च्या दशकात रावळपिंडीला ब्रिटिश शास्त्रज्ञांनी शेकडो हिंदी शिपायांवर मस्टर्ड गॅसचे प्रयोग केले. काहींना अर्धी चड्डी आणि सुती शर्ट घालून गॅसच्या खोलीत पाठवलं. हिंदी माणसाची कातडी गोऱ्यांच्या तुलनेत कशी भाजते, हे बघायचं होतं. १९२५ च्या जिनिव्हा कराराने युद्धात हे वायू वापरायला बंदी घातली होती. रावळपिंडीला युद्ध कुठे होतं?

हे लिहून उठले, चहा केला, तो तसाच गार झाला.

२६ एप्रिल, पहाटे

तीन वाजता खोकल्याने जाग आली. लाइट न लावता हॉलमध्ये येऊन बसले. खडकीच्या बाजूने मालगाडी गेली, मग सगळं शांत.

खडकी म्हटलं की बॉम्बे सॅपर्स. त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या हिंदी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेल्या होत्या. खणणारे, पूल बांधणारे लोक, आणि ऑक्टोबर १९१४ मध्ये नव्ह-शापेलला त्यांना पायदळासारखं थेट हल्ल्यात घातलं. त्या रस्त्याने मी रिक्षाने कॉलेजला जाते. एवढ्या वर्षांत हा विचार कधी मनात आला नव्हता.

१९१५ च्या २६ एप्रिलला हीच लाहोर डिव्हिजन ईप्रला उघड्या उतारावरून पुढे सरकली. समोरून गोळ्या, आणि मग जर्मनांनी पुन्हा गॅस सोडला. तोंडाला ओली फडकी, बस्स. त्या काही दिवसांत मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून डिव्हिजनचे जवळपास चार हजार लोक गेले.

त्यात मीर दस्त नावाचा एक आफ्रिदी पठाण जमादार (तेव्हाच्या सैन्यातला कनिष्ठ हिंदी अधिकारी) होता. बाकीचे मागे हटले तरी हुकूम येईपर्यंत तो जागचा हलला नाही. गॅस लागलेले, भांबावलेले लोक गोळा करून त्याने मोर्चा धरला आणि मग गोळीबारातून आठ ब्रिटिश आणि हिंदी अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी आणलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. (सख्खा भाऊ मीर मस्त मार्चमध्येच जर्मनांना जाऊन मिळाला होता. एका घरातले दोघे, मनात काय चाललं असेल ते त्यांनाच ठाऊक.)

ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या राजवाड्यात, जिथे हिंदी शिपायांचं इस्पितळ केलं होतं, तिथे राजाने स्वतः त्याच्या छातीवर पदक लावलं. त्याच छातीत गॅस जाऊन बसलेला. इस्पितळातून लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की क्रॉस मोठी गोष्ट आहे खरी, पण हा गॅस मला चैन पडू देत नाही, त्याने माझा निकाल लावला. आणि राजाकडे त्याने मागितलं काय? एकदा जखमी झालेल्याला पुन्हा आघाडीवर पाठवू नका, एवढंच. जमीन नाही, पेन्शन नाही.

पहिल्या महायुद्धात गॅसने नव्वद हजारांच्या आसपास माणसं मेली असा अंदाज सांगतात. मीर दस्त त्या आकड्यात येत नाही. तो १९४५ पर्यंत जगला. गॅस लागला आणि मेले नाहीत, असे दहा लाखांहून जास्त. माझं डोकं ह्या दुसऱ्या आकड्याशीच अडतं. मला चार रात्री झाल्या, तर मी घर डोक्यावर घेतलंय.

पुन्हा उबळ आली. आत लाइट लागला. हे चष्मा न लावताच बाहेर आले, काही न विचारता दिवाणावरच्या दोन्ही उश्या माझ्या पाठीमागे लावल्या.

"आडवी होऊ नकोस," म्हणाले. "बसूनच झोप."