कुंपणात ‘चक् चक्’ करतो, पण दिसत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून. दसरा जवळ आला की गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठून ना कुठून हा प्रश्न येतोच: “घरामागच्या कुंपणातून दिवसभर ‘चक्... चक्...’ असं ऐकू येतं. जिभेने टाळूला टिचकी मारावी तसं. पक्षी काही दिसत नाही. कोण हा? आणि मे महिन्यात एकदम गप्प कसा होतो?”

बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: ब्लिथचा बोरू वटवट्या. शास्त्रीय नाव ॲक्रोसेफॅलस ड्युमेटोरम. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे काम पाहणाऱ्या एडवर्ड ब्लिथ यांनी १८४९ मध्ये त्याचं वर्णन केलं. मे महिन्यात तो गप्प होतो, कारण तोवर तो गोव्यात राहिलेलाच नसतो.

चिमणीपेक्षा लहान, लांबी साधारण १३ सेंटिमीटर, वजन १० ते १२ ग्रॅम. रंगाचं वर्णन लवकर संपतं: वरून मातकट तपकिरी, खालून मळका पांढरा, अंगावर एक रेघ नाही, पंखावर पट्टा नाही. म्हणून रंग सोडा आणि डोकं पाहा. कपाळ चपटं, चोच लांब, डोळ्याच्या पुढे एक फिकट भुवई. ती डोळ्याच्या पुढे ठसठशीत असते आणि मागे लगेच विरून जाते. फांदीवर बसताना चोच वर आणि शेपूट वर अशी त्याची किंचित वाकलेली बैठक असते. प्रत्येक ‘चक्’बरोबर गोलसर शेपटी जराशी उघडते.

घोळ होतो तो चौघांशी. पहिला शिंपी पक्षी. तो बारमाही आहे. त्याचा माथा तांबूस, पाठ हिरवी, शेपूट ताठ उभी आणि आवाज मोठा, सलग. दुसरा हिरवट पर्ण वटवट्या. तोही उत्तरेतूनच येतो, पण आंब्या-फणसाच्या शेंड्यावर वावरतो, ‘चि-स्वीट’ असं दोन तुकड्यांत बोलतो, भुवई लांब आणि पंखावर बारीक फिकट पट्टा. तेव्हा आवाज डोक्यावरून येतोय की कमरेच्या उंचीवरून, एवढं पाहिलं तरी अर्धा निकाल लागतो. तिसरा जाड चोचीचा वटवट्या. त्याचाही ‘चक्’ असतो, पण भारदस्त, आणि पक्षी बराच मोठा. चेहऱ्यावर भुवईच नसल्यामुळे तो भोळसट दिसतो. चौथा मोठा बोरू वटवट्या मांडवी नदीतल्या चोडण, दिवाडी बेटांवरच्या खारफुटीत आणि बोरूच्या बेटांत कर्कश आरडाओरडा करतो, तो परसात येत नाही. आपला पाहुणा उलट पाणथळीत फारसा रमत नाही. त्याला हवं असतं ते कोरड्या जागचं दाट झुडूप: घाणेरी, निरगुडी, करवंदी, जास्वंदीचं कुंपण, कुळागराची (सुपारी-नारळाच्या बागेची) कड, रानमोडीच्या तणाने भरलेलं पडीक भाट (बागायतीची जमीन).

या कुळातले पक्षी इतके सारखे असतात की हातात घेऊनसुद्धा पंखाच्या पिसांच्या लांबीची तुलना करावी लागते. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८६७ मध्ये सतलजच्या खोऱ्यात मोठ्या चोचीचा एक बोरू वटवट्या मिळवला. त्यानंतर तसा दुसरा कुणाला सापडेना. २००६ मध्ये थायलंडमध्ये तसाच एक जिवंत पक्षी जाळ्यात आला. मग इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयात शोध घेतला, तर १८६९ मधला एक नमुना ब्लिथच्या वटवट्यांच्या खणात चुकीच्या चिठ्ठीसह पडून होता. शंभराहून अधिक वर्षं तज्ज्ञांच्या नजरेतून हे सुटलं, तेव्हा कुंपणाआड हललेली सावली तुम्हाला ओळखता आली नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

आता तो येतो कुठून. फिनलंड, एस्टोनियापासून रशियातून सायबेरियापर्यंत त्याचा विणीचा पट्टा पसरलेला आहे. पणजीहून हेलसिंकी सरळ रेषेत ६,३०० किलोमीटरच्या पुढे, आणि पक्षी काही सरळ रेषेत येत नाही. तो मध्य आशियातून टप्प्याटप्प्याने, रात्री उडत आणि दिवसा झुडपात पोट भरत येतो. दिसायला जवळजवळ असाच असलेला मार्श वॉर्बलर पश्चिम रशियात त्याच्या शेजारीच घरटं करतो, पण हिवाळ्यात थेट आफ्रिका गाठतो. ब्लिथचा मात्र फिनलंडमध्ये जन्मला तरी आग्नेयेला वळतो आणि भारतीय उपखंडातच उतरतो. प्रौढ पक्षी जुलै-ऑगस्टमध्ये आधी निघतात, पिल्लं मागाहून. वाट दाखवायला सोबत आईबाप नसतात, दिशा उपजतच येते. उडण्याची पिसंही प्रौढ पक्षी उत्तरेत बदलत बसत नाहीत. तिथला उन्हाळा तोकडा असल्याने ते काम भारतात पोचल्यावर होतं. सुरुवातीला आलेले काही पक्षी विटलेले, झिजलेले दिसतात ते यामुळे.

गोव्यात पहिला ‘चक्’ साधारण सप्टेंबरच्या उत्तरार्धात ऐकू येतो, ऑक्टोबरात सगळीकडे. एप्रिलच्या अखेरीस बहुतेक निघून जातात, मेच्या पहिल्या आठवड्यात एखादा रेंगाळलेला. हिशेब करा: इथे सुमारे सात महिने. विणीच्या जागी तो मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये पोचतो, घरट्यात ४ ते ६ अंडी, १२-१३ दिवस उबवणं, जवळपास तेवढ्याच दिवसांत पिल्लं घरट्याबाहेर, आणि ऑगस्टमध्ये परतीची वाट. वर्षातला सर्वांत मोठा मुक्काम तुमच्या कुंपणात होतो. लोक त्याला ‘परदेशी पाहुणा’ म्हणतात (वर आम्हीही ‘पाहुणा’ म्हटलं), पण सात महिने राहणाऱ्याला पाहुणा कोण म्हणतं?

आणि राहतो तोही हद्द आखून. इथे जोडी नसते. नर-मादी दिसायला एकसारखे, आणि प्रत्येक जण एकटा एखादं कुंपण, शेजारची दोन-चार झाडं धरून बसतो. ‘चक्’ म्हणजे शेजाऱ्याला दिलेली ताकीद. दुसरा घुसला की ‘चक्’चे अंतर कमी होते, मधे ‘चर्रर्’ असा खरखरीत आवाज येतो आणि दोघे झुडपातून एकमेकांमागे धावतात. सूर्योदयानंतरचा पहिला तास आणि संध्याकाळची शेवटची वीस मिनिटं आवाज सर्वांत जास्त. एप्रिलमध्ये कान द्या. निघण्याआधी काही पक्षी झुडपाच्या आतूनच हलक्या आवाजात गाऊ लागतात: दुसऱ्या पक्ष्याच्या आवाजाची नक्कल, तोच तुकडा तीन-चार वेळा, मधे ‘चक् चक्’, मग नवा तुकडा. उत्तरेत हेच गाणं नर रात्रभर मोठ्याने म्हणतो.

खातो काय? पानांवरचे किडे, अळ्या, कोळी, मुंग्या. पांगारा फुलला की मधही पितो, आणि मग कपाळाला, चोचीच्या बुडाला पराग माखून घेतो. फेब्रुवारीत “डोकं पिवळं असलेला वेगळाच वटवट्या” अशी खबर आली की आधी जवळपास पांगारा आहे का, ते विचारावं.

पाहायचा असेल तर त्याच्या मागे लागू नका. पान हललं की आपण पुढे सरकतो आणि तो पलीकडून निसटतो. कुंपणापासून पाच-सहा मीटरवर, ऊन पाठीशी घेऊन, झुडपातल्या एका फटीसमोर दहा मिनिटं स्वस्थ उभं राहा. तो पानापानाखालून तपासत ठरावीक दिशेने सरकतो, फटीत येतोच. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून बोलावू नका. हद्द राखणारा पक्षी खोट्या शत्रूसाठी खाणं सोडून धावत बसतो.

पाणी ठेवलंत तर जास्त सोपं. जानेवारीनंतर पसरट मातीचं ताट, पाण्याची खोली ३ ते ५ सेंटिमीटर, मधे एक खरखरीत दगड. झुडपाला अगदी चिकटून ठेवू नका, तिथे मांजर दबा धरतं. दीड-दोन मीटर अंतर पुरे. बरेचदा तो तिन्हीसांजेला अंघोळीला येतो. दर दोन दिवसांनी ताट घासून पाणी बदलायचं, नाहीतर डासांची पैदास तुम्हीच कराल. दाणे, भात, बिस्किट यांचा त्याला उपयोग शून्य.

खरं नुकसान होतं ते सफाईत. पाऊस संपला की नोव्हेंबर-डिसेंबरात गवत वाळतं, माणसं लावून सगळं कुंपण बुंध्यापर्यंत छाटलं जातं आणि पाचोळ्याला काडी लावली जाते. हद्द ठरवून बसलेल्या पक्ष्याची एका दिवसात जागा जाते, आणि आजूबाजूची झुडपं आधीच दुसऱ्यांनी धरलेली असतात. काजूच्या बागेत झाडाखालचं रान वेचणीआधी काढावंच लागतं, ते समजण्यासारखं आहे. तिथे बांधाकडेचा पट्टा तरी राहू द्या. ढेकण्या या काजूवरच्या किडीसाठीची फवारणीही मोहोर आणि कोवळ्या पालवीपुरतीच करा, कुंपणावर फवारा जाऊ देऊ नका. घरचं कुंपण छाटायचं झालं तर एका वेळी एक तृतीयांश लांबी, उंची कमरेच्या खाली नेऊ नये, आतली जाळी तशीच ठेवावी. पक्षी गेल्यावर मेमध्ये सगळं छाटू म्हणाल, तर तेव्हा शिंपी आणि बुलबुल घरटी करत असतात. आधी आत हात घालून नव्हे, डोळ्यांनी तपासा.

नव्या बंगल्यांच्या मोठ्या काचांवर हे पक्षी आपटतात, विशेषतः येण्या-जाण्याच्या दिवसांत पहाटे. खाली निपचित पडलेला सापडला तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाशी फडकं घालून, अंधाऱ्या शांत जागी एक-दोन तास ठेवा. चोचीत पाणी घालू नका. ते श्वासनलिकेत जातं आणि मार लागून न मेलेला पक्षी त्याने मरतो. हालचाल ऐकू आली की खोकं झुडपापाशी नेऊन उघडा. पंख लोंबत असेल तर वन खात्याला कळवा. पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध आहे, आणि किडे खाणारा हा जीव पिंजऱ्यात फार टिकतही नाही.

मेच्या मध्यानंतरही ‘चक् चक्’ ऐकू आलं, तर शिंप्याकडे संशयाने पाहा. घरट्याजवळ मांजर किंवा भारद्वाज आला की तोही असाच, पण भराभर आणि चढ्या आवाजात ओरडतो.